वाक्य मोडलं तर मोडलं, ऐकणाऱ्याचं काय झालं ते बघा

सध्या जिकडे बघावं तिकडे एकच प्रकार चाललाय. कुणीतरी मुलाखतीत किंवा भर सभेत मनापासून काहीतरी बोलतं, दुसरं कुणीतरी ते अर्धवट वाक्यांसकट जसंच्या तसं टाइप करतं, आणि मग लोक तुटून पडतात की बघा, यांना एक सरळ वाक्य पूर्ण करता येत नाही आणि हे आम्हाला शिकवणार. लगेच दुसरी बाजू हजर, की भाषा वाहती असते, व्याकरण हे ठराविक लोकांनी बाकीच्यांना गप्प बसवायला केलेलं हत्यार आहे, मोडकं वाक्य हीच खरी भाषा. दोन्हीकडचं वाचून वाचून मी कंटाळले, कारण सगळे त्या वाक्याकडे बघतायत आणि ते ज्याच्यासाठी बोललं गेलं त्या माणसाकडे कुणीच बघत नाहीये. माझं मत आधीच सांगून टाकते. मधेच रूळ बदललेलं वाक्य आपोआप चूकही ठरत नाही आणि आपोआप शैलीही ठरत नाही. बोलायला तोंड उघडलं की ऐकणाऱ्याच्या मनात आपण एक अपेक्षा जागी करतो, ती शेवटी भागली का, आणि नसेल भागली तर त्या न भागण्यातून त्याला काही कळलं का, एवढंच विचारायचं. कोण बोललं, किती शिकलेलं होतं, मुद्दाम मोडलं का चुकून मोडलं, हे प्रश्न नंतरचे आणि बऱ्याचदा बिनकामाचे.

हा निकष काही मी शोधलेला नाही. वाक्याचा अर्थ कळायला काय काय लागतं यावर आपल्याकडे न्याय आणि मीमांसा या दर्शनांचे पंडित, म्हणजे नैयायिक आणि मीमांसक, शेकडो वर्षं भांडले आणि त्यातून तीन शब्द रूढ झाले, आकांक्षा, योग्यता, संनिधी. सतराव्या शतकातला ‘तर्कसंग्रह’ म्हणजे खरं तर नवशिक्यांसाठीचं छोटंसं पुस्तक, पण त्यातही हे येतं. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ असं नुसतं म्हटलं तर वाक्य होत नाही, कारण एका शब्दाला दुसऱ्याची ओढच नाही, म्हणजे आकांक्षा नाही. ‘विस्तवाने शिंपतो’ यात ओढ आहे पण जुळत नाही, विस्तवाने कुणी काही शिंपत नाही, म्हणजे योग्यता नाही. आणि ‘गाय’ आत्ता म्हटलं आणि ‘आण’ एक प्रहर उलटल्यावर, तर दोन्ही शब्द ठीक असून ऐकणाऱ्याला काही कळणार नाही, कारण शब्दांची जवळीक, म्हणजे संनिधी नाही. बघा, यात कुठेही ‘बोलणारा अडाणी होता’ असं कारण आलेलं नाही. सगळा विचार अर्थ पोचला का नाही याचा आहे.

ग्रीकांनी या मोडण्याला अॅनाकोलुथॉन नाव दिलं, म्हणजे मागोमाग न जाणारं. एका रचनेत वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्याच रचनेत संपवायचं. याचं एक भावंड आहे, वाक्य मधेच सोडून देणं, आणि लोक वादात या दोन्हीची सरमिसळ करतात. ‘थांब, तुला मी आता...’ एवढं बोलून कुणी गप्प झालं तर पुढचं ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही, उलट सांगितलं असतं तर भीती कमी झाली असती. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात समुद्राचा देव वादळी वाऱ्यांवर चिडतो आणि ‘तुम्हाला मी’ अशा अर्थाचे दोनच शब्द बोलून थांबतो, दोन हजार वर्षं झाली, वक्तृत्व शिकवणारे तो दाखला अजून देतात. ते सोडून दिलेलं वाक्य. मला जास्त बोलायचंय ते रूळ बदललेल्या वाक्याबद्दल, कारण जास्तीत जास्त शिव्या त्यालाच बसतात.

मराठीत तर रूळ बदलायला जागा जरा जास्तच आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, पण कर्त्याला प्रत्यय लावायचा की नाही हे मात्र ते शेवटी येणारं क्रियापदच ठरवतं. ‘तो म्हणाला’, पण ‘त्याने सांगितलं’. म्हणजे ‘तो’ हा पहिला शब्द उच्चारतानाच मी शेवटी ‘म्हणणार’ आहे का ‘सांगणार’ आहे हे ठरवून ठेवायला हवं, आणि बोलताना असं कोण ठरवून ठेवतं? ‘तो काल संध्याकाळी आला, बराच वेळ काही बोलला नाही, इकडचं तिकडचं झालं आणि निघताना हळूच सांगितलं की नोकरी सोडली.’ काटेकोर बघितलं तर यात ‘सांगितलं’ला कर्ताच नाही, ‘त्याने’ कुठे आलेलंच नाही. पण वाचताना अडखळलात का तुम्ही? आता हेच ‘मी’ने सुरू करा. ‘मी काल आलो, बराच वेळ काही बोललो नाही आणि निघताना हळूच सांगितलं.’ इथे मोडल्याचा पत्ताच लागत नाही, कारण ‘मी म्हणालो’ आणि ‘मी सांगितलं’, दोन्हीकडे ‘मी’ जसाच्या तसा राहतो. म्हणजे तोच माणूस, तसाच रूळ बदलतो, स्वतःबद्दल बोलला की शुद्ध आणि दुसऱ्याबद्दल बोलला की अशुद्ध. मग ही चूक त्याच्या डोक्यात आहे का सर्वनामाच्या रूपात?

किंवा ‘-ऊन’ घ्या. नियम असा सांगतात की ‘-ऊन’ची क्रिया आणि मुख्य क्रिया एकाच कर्त्याची हवी, ‘ती हसून म्हणाली’. मग ‘पाऊस पडून रस्ते बंद झाले’ याचं काय करायचं? पडला पाऊस, बंद झाले रस्ते. ‘मला इथे येऊन दोन वर्षं झाली’, आले मी आणि झाली वर्षं. ही वाक्यं कुणीही, अगदी भाषेच्या शिक्षकांनीसुद्धा, कधी अडवलेली नाहीत. आणि म्हणींचं तर विचारूच नका. ‘करायला गेला गणपती, झाला मारुती’ यात गेला तो मूर्ती करणारा आणि झाला तो मारुती, मधल्या स्वल्पविरामावर कर्ता बदललाय आणि सांगितलेलंही नाही. पण हातातलं काम जसं नकळत भलतीकडे गेलं तसंच वाक्यही गेलं! ते ‘जो माणूस गणपती करायला गेला त्याच्या हातून मारुती झाला’ असं दुरुस्त करून बघा, व्याकरण सुधारेल आणि म्हण मरेल. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ मधेही तेच, ‘म्हणे’ किंवा ‘असं सांगतो’ हा सांधा आपण ऐकताना स्वतः भरतो आणि तो भरण्यातच त्या माणसाचा बहाणा पकडल्याचा आनंद आहे.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मला मान्य आहे. बोलताना आवाज असतो, चेहरा असतो, हात असतो, ऐकणारा मधेच ‘काय?’ म्हणून विचारू शकतो. लिहिलेल्यात यातलं काही नसतं. वाचणारा एकटा असतो, त्याला परत विचारायची सोय नसते. तुम्ही म्हणाल पूर्वी तर विरामचिन्हंसुद्धा नव्हती, मोडीतली पत्रं बघा, शब्द सुटे नाहीत, पूर्णविराम नाही, कागदावर ओळ संपली तरी वाक्य चालूच, मराठीला स्वल्पविराम-पूर्णविरामाची शिस्त लावल्याचं श्रेय मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात म्हणजे हे सगळं एकोणिसाव्या शतकातलं. खरंय. पण तेव्हा पत्र बऱ्याचदा कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं, म्हणजे गेलेला आवाज परत यायचा. आज आपण मनातल्या मनात वाचतो, घाईत वाचतो, आणि औषधाच्या पाकिटावरचं किंवा नोटिशीतलं वाक्य मोडलं तर त्याची किंमत लिहिणारा भरत नाही, वाचणारा भरतो. म्हणून लेखनाचे नियम कडक असावेत याला माझा विरोध नाही. जिथे वाचणाऱ्याला काहीतरी करायचंय, पैसे भरायचेत, गोळी घ्यायचीय, सही करायचीय, तिथे वाक्य पूर्णच हवं आणि त्यात कसलीही सूट नको.

पण मग मला एक सांगा, ही टर उडवणारी मंडळी असल्या वाक्यांवर का तुटून पडत नाहीत? नेहमीच्या सरकारी वळणाचं एक वाक्य बनवून दाखवते. ‘ज्यांनी अर्ज भरला आहे परंतु पावती मिळाली नसल्यास मुदतीत पुन्हा अर्ज न केल्यास विचार केला जाणार नाही.’ सावकाश वाचा. ‘ज्यांनी’ म्हटलं, त्याचं ‘त्यांनी’ कुठंय? नाहीच. ‘आहे परंतु’ म्हणून सुरू केलं आणि ‘नसल्यास’वर उडी मारली, त्याच्या डोक्यावर दुसरं ‘न केल्यास’ आणून ठेवलं. विचार कशाचा होणार नाही, पहिल्या अर्जाचा का दुसऱ्या? कोण करणार नाही? हे वाक्य त्या सभेतल्या माणसाच्या वाक्यापेक्षा दसपट मोडलेलं आहे, फक्त ते इस्त्रीचे कपडे घालून आलंय म्हणून कुणी हसत नाही. पावती न मिळालेला माणूस ते तीनदा वाचतो आणि आपल्यालाच कमी कळतं असं समजून गप्प बसतो. याचा मला खरोखर राग येतो. अपेक्षा जागी केली, भागवली नाही, आणि न भागण्यातून काही कळलंही नाही, ही चूक. निव्वळ चूक, कुणीही लिहिलेली असो.

उलट काही वाक्यं इतकी गुळगुळीत असतात की मोडलेली वाटतच नाहीत. ‘माझ्यापेक्षा जास्त लोक तिकडे जाऊन आलेत.’ ऐकल्यावर मान डोलावली जाते, मग लक्षात येतं की ‘माझ्यापेक्षा जास्त लोक’ म्हणजे काय, मी एकटी, लोकांची संख्या माझ्याशी कशी मोजणार? भाषाशास्त्रज्ञांनी अशा इंग्रजी वाक्यांवर बराच अभ्यास केलाय, कारण व्याकरण चालतंय असं वाटत राहतं आणि आत अर्थ नसतो. म्हणून नुसत्या बांधणीवर भरवसा ठेवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बांधणी तुम्हाला दोन्हीकडून फसवते.

आता दुसऱ्या बाजूचा भक्कम मुद्दा. ते म्हणतात की मोठ्या लेखकाने वाक्य मोडलं की ती शैली आणि साध्या माणसाने मोडलं की ते अज्ञान, हा उघड अन्याय आहे. बरोबर आहे, आणि अन्याय नुसता टर उडवण्यापुरता राहत नाही. 2017 साली अमेरिकेत लुइझियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. पोलिसांच्या चौकशीत एक आरोपी साधारण अशा अर्थाचं बोलला होता, की तुम्हाला जर, मला असं वाटतंय, तुम्हाला जर वाटत असेल की मी केलंय, मला माहितेय मी नाही केलं, तर मला वकील का नाही देत भावा. त्याने ‘भावा’च्या जागी ‘डॉग’ म्हटलं होतं, त्याच्या बोलीत मित्राला तसं म्हणतात. न्यायालयाने त्याची विनंती ऐकायला नकार दिला आणि एका न्यायमूर्तींनी वेगळं टिपण जोडलं की हा उल्लेख संदिग्ध आहे, याला वकिलाची मागणी म्हणता येत नाही. त्या वाक्यात रूळ तीनदा बदललाय, कबूल. पण त्या खोलीत बसलेल्या एकाला तरी कळलं नसेल का की याला वकील हवाय? तेव्हा हो, मोडलेल्या वाक्याची शिक्षा दुबळ्यालाच होते, हे मला शंभर टक्के मान्य. याच्या शेजारी 1974 साली व्हाइट हाउसने प्रसिद्ध केलेले राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या संभाषणांचे उतारे ठेवून बघा, हजाराहून जास्त पानं, आणि पानोपानी राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे निष्णात वकील सुरू केलेलं वाक्य सोडून दुसऱ्यात शिरताना दिसतात. बोलताना सगळ्यांचंच असं होतं.

पण यावरून ‘म्हणून नियमच नकोत’ हा निष्कर्ष कसा निघतो? नियम नसेल तर त्या आरोपीची बाजू तरी कशावर मांडणार? मी म्हणते तो निकष लावा, तो मऊ नाहीये, फक्त तो वेगळ्या लोकांना पकडतो. आरोपीने जागी केलेली अपेक्षा होती ‘तर मग काय?’ आणि तिचं उत्तर त्याने दिलं, वकील द्या. वाक्य पास. नापास झाला तो ऐकणारा. आणि नोटीस लिहिणारा तर आधीच नापास झालाय.

हे म्हणजे जुन्या लोकांना माहीतच नव्हतं असं समजून आपण भांडतो याचं मला आश्चर्य वाटतं. काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाश’ हा काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिला, त्यात दोषांचा एक अख्खा उल्लास म्हणजे प्रकरण आहे, आणि त्यात ‘भग्नप्रक्रम’ नावाचा दोष येतो, सुरू केलेली चाल मधेच मोडणं. माणूस किती काटेकोर बघा, एका श्लोकात चंद्र मावळला हे सांगायला ‘गम्’ धातू वापरलाय आणि त्याच्यामागे रात्रही गेली हे सांगायला ‘या’ धातू, अर्थ तोच, तरी त्याने दोष धरला, म्हणाला इथेही ‘गम्’च हवा होता. असला माणूस त्याच प्रकरणात पुढे काय सांगतो? बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग काय, यावरून दोषसुद्धा कधी गुण होतो, आणि कधी तो दोषही नसतो नि गुणही नसतो. दाखला म्हणून तो एक शृंगाराचा श्लोक देतो, त्यातली नायिका मिठीत असताना ‘नको नको, मला फार, पुरे’ असं पुटपुटते. ‘मला फार’च्या पुढचं क्रियापद आलेलंच नाही, आणि तिथे ते येऊ नये हेच बरोबर. आणि याच्या जरा आधीच त्याने आणखी एक गोष्ट सांगितलीय जी मला या सगळ्या वादात सगळ्यात मोलाची वाटते, की दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगत असाल, म्हणजे अनुकरण असेल, तर कुठलाच दोष दोष राहत नाही. व्याकरणाची चूकसुद्धा.

‘ठीक आहे, पण मुद्दाम केलं असेल तरच शैली’ असं मधला मार्ग काढणारे म्हणतात. ऐकायला समजूतदार वाटतं, पण मुद्दाम केलं का हे कळणार कसं? बायबलच्या नव्या करारात पौलाचं रोमकरांस पत्र आहे, पाचव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात तो ‘ज्याप्रमाणे’ म्हणून सुरू करतो, एका माणसामुळे पाप जगात आलं वगैरे, आणि ‘त्याप्रमाणे’ येतच नाही. तो दुसरंच समजावत बसतो आणि धागा नीट हातात येतो तो थेट अठराव्या वचनात. हे पत्र पौलाने सांगितलं आणि तर्तियस नावाच्या माणसाने लिहून घेतलं, शेवटी त्याने स्वतःचा नमस्कारही घातलाय. मग ते मोडणं पौलाच्या बोलण्याच्या ओघातलं, का ठरवून केलेलं? कुणीही शपथेवर सांगू शकणार नाही. पण वाचणाऱ्याला ते ‘ज्याप्रमाणे’ सहा वचनं ताटकळत ठेवतं आणि मग उत्तर देतं, एवढं मात्र आपण बघू शकतो. दिसतंय ते तपासावं.

शाळेतल्या मुलांचं काय, असं विचारतील. आधी नियम शिकू दे, मग मोडू दे, असं म्हणतात. मुलं तर नियम शिकायच्या आधीपासून मोडतायत, सगळीच. मला वाटतं त्यांना एवढंच करायला लावावं, आपलं वाक्य मधेच हाताने झाकायचं आणि शेजारच्याला विचारायचं, पुढे काय येईल असं वाटतं? त्याने जे सांगितलं ते तुझ्या वाक्यात आहे का, आणि नसेल तर त्याच्या बदल्यात तू त्याला काय दिलंस? लाल पेनाने गोल करण्यापेक्षा मुलाला हे कायमचं कळतं.

हे सगळं मी इतकं जीव तोडून लिहितेय त्याला एक कारण आहे. मी बरीच वर्षं लोकांच्या मुलाखती रेकॉर्डिंगवरून उतरवून काढायचं काम करते. एका काकूंची मुलाखत होती, वय ऐंशीच्या पुढे. त्यात त्यांनी म्हटलं होतं, ‘हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून दार, ते रोज हेच उघडायचे ना.’ मी सवयीने वाक्य नीट केलं. ‘पती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून दार उघडलं. एरवी ते रोज पतीच उघडत असत.’ मला तेव्हा वाटलं छान झालं. छापण्याआधी मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हे मी नाही बोलले. मी म्हटलं, काकू, शब्द जरा सरळ केलेत, बाकी तेच आहे. तर म्हणाल्या, अगं दार मी नाही उघडलं, मी दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले, नंतर पोरांपैकी कुणीतरी उघडलं असेल.

मी त्यांच्या तोंडी जे क्रियापद घातलं होतं ते खोटं होतं. त्यांच्या वाक्यात ते नव्हतं कारण ते घडलंच नव्हतं. वाक्य जिथे मोडलं तिथेच त्या उभ्या राहिल्या होत्या, कडीपाशी, आणि तिथून वाक्याचा कर्ता बदलला, ‘मी’च्या जागी ‘हे’ आले. मुद्दाम केलं होतं का त्यांनी? अजिबात नाही. त्यांना अॅनाकोलुथॉन माहीत नाही नि भग्नप्रक्रमही नाही. पण ऐकणाऱ्याला जे हवं होतं, त्या सकाळी काय झालं, ते सगळं त्या मोडण्यात होतं आणि मी ते भरून टाकलं.

आता तर हे काम मशीन करतं. बोललेलं उतरवून देणारी साधनं आलीत, ती अडखळणं काढतात, वाक्य जुळवतात, राहिलेलं क्रियापदही भरून देतात, आणि वाचायला सगळं स्वच्छ दिसतं. मी ती वापरते, वेळ वाचतो, पण आता प्रत्येक रेकॉर्डिंग एकदा कानाने ऐकते, विशेषतः जिथे उतारा फारच सरळ आलाय तिथे.

काकूंचं वाक्य शेवटी त्यांनी बोललं तसंच छापलं, ‘दार’नंतरच्या स्वल्पविरामासकट. छापून आल्यावर दोन वाचकांनी मला कळवलं की तिथे ‘उघडलं’ राहून गेलंय. मी दोघांनाही लिहिलं, राहिलेलं नाही, त्यांनी उघडलं नव्हतं.